सात सेकंदांचा अंधार

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सव्वासात.

पुण्याहून आलो. एसटीने पाठीचा पार भुगा केला. डोकं मात्र ताजं. गेल्या वीस वर्षांत इतकं ताजं नव्हतं.

सानिकाकडे चार दिवस होतो. जावई उन्मेष टीव्हीवर मोटारींची शर्यत बघत होता. फॉर्म्युला वन. मी शेजारी शेंगा सोलत बसलेलो. एक मोटार मध्येच आत वळली, थांबली, वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडली, चारही टायर बदलले आणि ती गेलीसुद्धा. म्हटलं, काय झालं? उन्मेष म्हणाला, पिट स्टॉप, बाबा. दोन पूर्णांक तीन सेकंद.

शेंग हातात तशीच राहिली. अरे, हा तर ब्लॅकआउट! दोन प्रवेशांमधला, सेट बदलायचा अंधार.

नाटक आणि मोटार शर्यत ही एकच गोष्ट आहे. आजपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? नट म्हणजे ड्रायव्हर. तिसरी घंटा म्हणजे शर्यत सुटतानाचे ते पाच लाल दिवे. एकदा सुटलं की परत पहिल्यापासून नाही. प्रॉम्प्टर म्हणजे कानात बोलणारा इंजिनिअर. आणि जिंकायचं कुठे? ट्रॅकवर सगळे सारखेच. जिंकायचं पिटमध्ये.

उन्मेषला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, हो बाबा. हुशार मुलगा आहे.

शर्यत शेवटपर्यंत बघायची होती, पण डोळा लागला.

आजपासून रोजनिशी रोज. पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जाणे. चहा दोनच वेळा.

७ ऑक्टोबर.

चालायला गेलो नाही. प्रवासाचा शीण.

नाट्यमंडळाची बैठक संध्याकाळी. सव्वीस वर्षं मी 'कलासाधक'मध्ये आहे. सव्वीस वर्षं विंगेत. सेट लाव, सेट काढ. यंदा आमचे दिग्दर्शक मुलाकडे बोरिवलीला कायमचे गेले आणि दिग्दर्शन माझ्याकडे आलं. दुसरं कुणी तयार नव्हतं असं निशिगंधा म्हणते. बायकोला नवऱ्याचं यश पटकन दिसत नाही.

गेल्या वर्षी नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी लिहून दिलं होतं: 'ब्लॅकआउट लांबतात, रसभंग होतो.' तो कागद मी जपून ठेवलाय. डिसेंबरच्या स्पर्धेत त्याला उत्तर.

१० ऑक्टोबर.

नाटक ठरलं. 'खाडीपलीकडचा दिवा'. माणसं कमी. म्हातारा तरीवाला आणि त्याची मुलगी. पूल झाला, माणसं पलीकडे नेणारी तर बंद पडली, मुलगी नोकरीसाठी निघाली, आणि बापाच्या तोंडून 'जा' निघत नाही. नऊ प्रवेश. एकदा होडीचा धक्का, एकदा घराची पडवी, पुन्हा धक्का. म्हणजे आठ ब्लॅकआउट. नाटक मी ब्लॅकआउट मोजूनच निवडलं, पण हे कुणाला सांगितलं नाही.

तरीवाला अर्थात हरी. हरिश्चंद्र. हायस्कूलचा मास्तर, मागच्या वर्षी रिटायर झाला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण आम्ही पहिल्या नाटकापासून अरे-तुरेतले. त्याच्याइतका नट रत्नागिरीत नाही. मुलीचं काम मृणालीला. शाळेत शिकवते, आवाज स्वच्छ.

पिट स्टॉपचं भाषण केलं. वीस मिनिटं. हरी मध्येच म्हणाला, चारू, टायर बदलायला थांबलेली गाडी बघायला लोक तिकीट काढतात का रे? सगळे हसले. मीही हसलो. विनोद म्हणून ठीक होता.

ध्येय: प्रत्येक ब्लॅकआउट सात सेकंद. गेल्या वर्षीची सरासरी अठ्ठेचाळीस.

१५ ऑक्टोबर.

तालमीला जागा मिळाली. मिरजोळ्याला आमच्या कॅनिंगच्या फॅक्टरीचं गोडाऊन. मी तिथला स्टोअरकीपर. आंब्याचा सीझन मे-जूनचा, आता आत नुसते रिकामे डबे आणि पल्पचा वास. मालक म्हणाले, डब्यांना धक्का लागता कामा नये. म्हटलं, आमचं सगळं शिस्तीत असतं.

क्रूही तिथलाच. राजेंद्र आणि त्याचे पाच हमाल. राजेंद्र फोर्कलिफ्ट चालवतो. नाटक त्याने आयुष्यात एकच बघितलंय, तेही अर्धं. हेच हवं. पिटमधल्या माणसाने शर्यत बघायची नसते.

पडवी आणि धक्का, दोन्ही लेव्हल्सना, म्हणजे लाकडी चौथऱ्यांना, ट्रॉलीची चाकं बसवायची. उचलायचं नाही, ढकलायचं. सव्वीस वर्षं आम्ही उचलत होतो! स्वतःचीच कीव आली.

चहा चार वेळा झाला. तालमीचे धरत नाही.

२० ऑक्टोबर.

पहिला मोजलेला ब्लॅकआउट: एकतीस सेकंद. एक डबा पडला.

हरी दुसऱ्या प्रवेशात तिसऱ्या प्रवेशाची वाक्यं बोलला. मग थांबला आणि आजूबाजूला असं बघितलं की गोडाऊन त्याने आजच पाहिलं असावं. मृणालीने सांभाळून घेतलं. मी म्हटलं, गिअर बदलताना होतं असं. इंजिन गरम झालं की सुटेल. हरी म्हणाला, हो, सुटेल. पण कपाळाला घाम होता. गोडाऊनमध्ये उकडतंच.

२४ ऑक्टोबर.

अठरा सेकंद!

पण त्यातले चार सेकंद चाकांचे लॉक लावण्यात जातात. चार चाकं, चार लॉक. अंधारात पायाने चाचपत. आज मी निर्णय घेतला. लॉक काढून टाकले.

राजेंद्र म्हणाला, साहेब, बिनलॉकची ट्रॉली मी कधी एकटी सोडत नाही. तिच्यावर माणूस उभा राहणार ना? मी म्हटलं, सपाट जागेवर कुठे जाते ती? तो म्हणाला, जात नाही, पण तिला कुणीतरी ढकललं तर थांबत नाही. म्हटलं, ढकलणारे तुम्हीच, आणि तुम्ही माझ्या हुकमाशिवाय ढकलणार नाही. त्याने मान हलवली. कुठल्या बाजूला ते नीट दिसलं नाही.

शर्यतीच्या मोटारीला एसी नसतो, सीटला गादी नसते. जे जड ते काढून टाकतात. हे त्याला सांगायला हवं होतं.

२८ ऑक्टोबर.

फॅक्टरीतले दोन वॉकीटॉकी आणले. एक माझ्याकडे, एक लाइटवाल्या सलिलकडे. मी 'पिट' म्हटलं की राजेंद्रची माणसं धावतात. निशिगंधा तालीम बघायला आली होती. घरी जाताना मागच्या सीटवरून म्हणाली, स्वतः स्कूटर तीसच्या वर नेत नाही आणि इथे काय चाललंय. मी पस्तीसवर नेली. तिने खांदा घट्ट धरला, मग पुन्हा तीस.

२ नोव्हेंबर. पाडवा.

फराळाला हरीकडे. तो चिवड्यात चमचा घालून बसलेला, छान हसला. मी निघालो तेव्हा कमलावहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, भावजी, एक सांगायचंय. परवा हे मारुती मंदिराकडून भाजी घेऊन निघाले आणि घर सापडेना. दीड तास. कुणी विद्यार्थी होता जुना, तो घेऊन आला. डॉक्टरांनी कोल्हापूरला तपासायला सांगितलंय. यांना यंदा काम नको द्यायला. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

मी म्हटलं, वहिनी, रिटायर झालेल्या माणसाचं होतं असं, उद्योग नसतो ना. उलट नाटकाने डोकं चालतं. स्पर्धा झाली की मी स्वतः कोल्हापूरला नेतो.

त्यांनी हातात करंज्यांचा डबा दिला.

नवा नट म्हणजे सगळी वेळापत्रकं पहिल्यापासून. एक महिना राहिलाय. आणि मी हरीच्या भल्याचंच बोललो. पुन्हा वाचून पाहिलं, भल्याचंच आहे.

९ नोव्हेंबर.

अकरा सेकंद.

आज मोठा शोध. उशीर क्रूमुळे होत नाही, नटांमुळे होतो. सलिल वाक्य संपायची वाट बघतो, मग अंधार करतो. नट रोज वेगळ्या वेळी संपवतात! हरी तर सातव्या प्रवेशात, 'जा, गो. तरीत पाय ठेव आणि मागे बघू नको' हे म्हणण्याआधी मनाला येईल तितका थांबतो.

म्हणून यापुढे दिवे वाक्यावर नाहीत, घड्याळावर. सातवा प्रवेश सहा मिनिटं चाळीस सेकंद. चाळीस झाले की अंधार. शर्यतीत घड्याळ कुणासाठी थांबतं का?

मृणाली भडकली. म्हणाली, चारूदादा, त्या थांबण्यातच नाटक आहे. बापाला ते वाक्य बोलायचंच नाहीये. तो ते घड्याळ बघून कसा बोलेल? मी शांतपणे विचारलं, मग किती सेकंद हवेत ते सांग, धरतो. ती म्हणाली, मला माहीत नाही आणि तेच तर. शिक्षकांना उलट उत्तर द्यायची सवय असते.

हरीला विचारलं, तुला चालेल? तो म्हणाला, तू म्हणशील तसं. पूर्वी असं कधी म्हणत नसे. माझ्यावरचा विश्वास वाढलाय.

१६ नोव्हेंबर.

सात सेकंद!! सात!!

नट नव्हते. मृणालीची शाळेची सहल आणि हरीला बरं नव्हतं. नट नसले की काम किती सुरेख होतं. राजेंद्रच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वडापाव. मी तीन खाल्ले. चालणं उद्यापासून नक्की.

२१ नोव्हेंबर.

स्मरणिकेसाठी लेख लिहिला: 'नाटक आणि मोटार शर्यत: एक विचार'. अडीच पानं. त्यातला हा भाग मला स्वतःला फार आवडला:

'बाहेरून बघणाऱ्याला वेग दिसतो. आत बसलेल्याला तो दिसत नाही. शर्यतीतला ड्रायव्हर सांगतो की तीनशेच्या वेगात सगळं संथ होतं, पुढचं वळण स्पष्ट दिसू लागतं. नटाचंही तसंच. हजार डोळे समोर असताना त्याच्या आत एक शांत खोली उघडते आणि तो तिथे बसून बोलतो.'

हे खरं तर हरीने मला सांगितलं होतं, शांत खोलीचं. पंचवीस वर्षांपूर्वी, राजापूरचा प्रयोग आटोपून परतताना. त्याचं नाव घालायला हवं होतं, पण शब्दमर्यादा होती.

निशिगंधाला वाचून दाखवला. म्हणाली, यात वळणावर आपटणाऱ्या गाड्यांबद्दल काही नाही. म्हटलं, तो विषय वेगळा.

२७ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा.

हरी तालमीच्या आधी एकटा आला. गोडाऊनच्या बाहेर कातळावर बसलो दोघे. बराच वेळ चपलेने गवत खरवडत होता. मग म्हणाला, चारू, मला जमणार नाही रे. म्हटलं, काय? म्हणाला, शब्द जातात. उभा राहतो आणि ती खोली असते ना, ती अजून उघडते. पण आत काही नसतं.

आठवडा राहिलाय. काय करणार होतो?

मी म्हटलं, हरी, ड्रायव्हरला भीती वाटते ती शर्यतीच्या आधी. एकदा सुटला की शरीरच गाडी चालवतं. तुझ्या शरीराला नाटक पाठ आहे. कानात प्रॉम्प्टिंग देतो. आणि तू नाही म्हणालास तर मंडळ बंद पडेल, सव्वीस वर्षांचं.

तो म्हणाला, तुझ्यासाठी करतो.

मला आतून फार बरं वाटलं. चांगला दिग्दर्शक म्हणजे नटाला उभं करणारा.

वहिनींचा फोन आला होता. उचलला नाही. तालीम चालू होती. सुरू व्हायची होती.

१ डिसेंबर.

चालणं आता स्पर्धेनंतरच. रोजनिशीतून हा मुद्दा काढून टाकला तर मनावरचा ताण कमी होईल. काढला.

रंगीत तालीम. ब्लॅकआउट: सात, आठ, सात, सात, नऊ, सात, सात, सात. हरी चार ठिकाणी अडला. सरासरी चांगली आहे. ब्लॅकआउटची.

३ डिसेंबर. दुपारी दोन.

आज प्रयोग. संध्याकाळी सात.

सकाळी नाट्यगृहात सेट लावला. रंगमंच प्रेक्षकांकडे थोडा उतरता आहे, हे गोडाऊनमध्ये लक्षात आलं नव्हतं. धक्का बोटभर पुढे सरकला. राजेंद्र म्हणाला, साहेब, मी पाचर घालतो. घातली. मग काढताना दोन सेकंद गेले. म्हटलं, काढ ती. तो म्हणाला, तुम्ही लिहून द्या. चेष्टेत म्हणाला असणार.

शेवटी ठरलं की एक माणूस लेव्हलच्या मागे लपून ती धरून ठेवील. झालं की काम. उगाच घाबरवतात.

हरी वेळेवर आलाय. धोतर नेसवताना लहान मुलासारखे हात वर करून उभा होता. वहिनी प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसणार आहेत. माझ्याकडे बघितलं नाही. टेन्शन असतं घरच्यांना.

आज इतिहास घडणार.

४ डिसेंबर. सकाळी अकरा.

हॉस्पिटलमधून आत्ता आलो. जसं झालं तसं लिहितो.

पहिले सहा प्रवेश उत्तम. हरी दोनदा अडला, पण मृणालीने त्याचे शब्द आपल्या प्रश्नांत घालून त्याला दिले. बाबा, तुम्ही म्हणता ना की पाणी चढतंय? हो, पाणी चढतंय. असं. प्रेक्षकांना कळलं नाही. ब्लॅकआउट सगळे सातच्या आत.

सातवा प्रवेश. धक्का. हरी लेव्हलवर उभा, मृणाली खाली, हातात पिशवी. ती म्हणते, निघू? आणि त्याचं वाक्य.

तो बोलला नाही.

प्रॉम्प्टर बोलला, मला विंगेत ऐकू आलं. हरीने ऐकलं नाही. तो तिच्याकडे बघत होता. मग तोंड उघडलं आणि मिटलं. मृणाली पुढे सरकली आणि तिने त्याचा हात धरला. हे तालमीत नव्हतं. दोघं तसेच उभे. प्रेक्षागृहात कुणी खोकत नव्हतं. मागे एक बाई रडत होती. सव्वीस वर्षांत मी असली शांतता ऐकली नाही.

आणि माझ्या हातात घड्याळ होतं. सहा अडतीस. सहा एकोणचाळीस.

सलिलने वेळेवर अंधार केला. त्याची चूक नाही. मी 'पिट' म्हणालो. हरी लेव्हलवर आहे हे मला दिसत नव्हतं. दिसत होतं, पण वाटलं की उतरेल. तालमीत तो डावीकडे उतरायचा. अंधार झाल्यावर उतरायला वेळ मिळतो थोडा. एक सेकंद तरी.

राजेंद्र विंगेतून म्हणाला, साहेब, माणूस आहे वर. मी म्हणालो, पिट, पिट. असं मी म्हणालो असं तो म्हणतो. मला आठवत नाही.

त्यांनी ढकललं.

आवाज आला तो लाकडाचा वाटला. मग मृणाली अंधारात हाका मारायला लागली, काका, काका. दिवे आले तेव्हा पडवी बरोबर जागेवर होती. दिवा, पाट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं. आणि तिच्या पायरीशी हरी आडवा, एक पाय भलत्याच कोनात. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो पुढचा प्रवेश वाटला.

कमलावहिनी पहिल्या रांगेतून रंगमंचावर कशा चढल्या ते मला कळलं नाही. पायऱ्या तर बाजूला आहेत.

पडदा पाडला. आठवा-नववा प्रवेश झालाच नाही.

खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन.

घड्याळ खिशात तसंच होतं. त्या ब्लॅकआउटचा थांबलेला आकडा बघितला. सहा पूर्णांक आठ सेकंद. लिहायला नको होतं. पण नोंद म्हणून.

६ डिसेंबर.

ऑपरेशन ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल. डोक्याचं मात्र भूल दिल्यावर या वयात आणि या आजारात कधी कधी एकदम उतरतं, बघू. मी विचारलं, कुठला आजार? त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी खिडकीकडे बघत होत्या.

मी वहिनींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. वेळापत्रक, संवादाची गफलत, रंगमंचाचा उतार. त्या म्हणाल्या, भावजी, तुम्ही घरी जा, दमलात. किती समंजस बाई. जिना उतरताना मात्र एक मजला चुकलो. जेवलो नव्हतो म्हणून.

११ डिसेंबर.

निकाल. अकरा नाटकं होती. आमच्यापुढे: 'प्रयोग अपूर्ण, विचारात घेतला नाही.'

सलिलला एक परीक्षक भेटले होते. विचारत होते, तो बाप झालेला नट कोण? आम्ही तिघांनीही पेन खाली ठेवलं होतं म्हणाले. तो अंधार का केलात?

मी सलिलला विचारलं, ब्लॅकआउटबद्दल काही म्हणाले? तो म्हणाला, ठेवतो.

निशिगंधा शेजारीच होती. तिने भाजी चिरता चिरता माझ्याकडे एकदा पाहिलं. काही बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१४ डिसेंबर.

मृणालीचा मेसेज. मंडळ सोडतेय. कारण दिलेलं नाही. मी उत्तर लिहिलं, मोठं. खेळात अपघात होतात, नाटकातही होतात, दोन्हींत पुन्हा उभं राहावं लागतं वगैरे. वाचून पाहिलं. पाठवलं नाही. अडीच पानं होत होती.

राजेंद्र फॅक्टरीत समोरून येताना दुसऱ्या गल्लीने जातो. काल गोडाऊनमध्ये गेलो तर दोन्ही लेव्हल्स भिंतीला उभ्या लावलेल्या. चाकं काढून ट्रॉल्यांना परत बसवलेली. लॉकसकट.

१८ डिसेंबर.

हरी घरी आला. वॉकरने चार पावलं टाकतो. वहिनींनीच मेसेज केला. मला नाही, निशिगंधाला. मी जाईन. आज ऑफिसात काम होतं. उद्या.

१९ डिसेंबर.

उद्या.

२१ डिसेंबर. संध्याकाळी साडेसात.

गेलो एकदाचा. निशिगंधा म्हणाली, मी येऊ? म्हटलं, नको, आमचं आम्ही.

हरी खिडकीशी खुर्चीत. दाढी वाढलेली. मला बघून चेहरा असा उजळला की मी दारातच थांबलो. चारू, ये ये, म्हणाला. ओळखलं! वहिनी म्हणाल्या, सकाळपासून मलासुद्धा बाई म्हणतायत.

पायाकडे बोट दाखवून मला म्हणाला, बघ, कुठेतरी पडलो. कुठे ते आठवत नाही. तुला माहीत आहे का रे?

वहिनी दारात उभ्या होत्या.

मी म्हटलं, घसरला असशील.

हो, घसरलो असेन, तो म्हणाला. आणि मग एकदम पुढे वाकून, हळू आवाजात: तालीम कधी आहे? मला पाठ आहे, बघ. आणि त्याने म्हटलं. जा, गो. तरीत पाय ठेव आणि मागे बघू नको. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आधी थांबलासुद्धा. किती थांबला ते मी मोजलं नाही. खरंच नाही.

पुन्हा विचारलं, कधी आहे तालीम?

मी म्हटलं, उद्या. सहाला. मी येतो न्यायला.

काय म्हणणार होतो?

फाटकाशी वहिनी म्हणाल्या, असं का सांगितलंत? विसरतील, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जे विसरायला हवं ते नाही विसरत हे.

२२ डिसेंबर, रविवार.

दुपारी साडेचार. वहिनींचा फोन. उचलला. हरी चार वाजल्यापासून तयार होऊन बसलाय. स्वतः शर्ट घातला, बटणं एक घर चुकली आहेत, पण सोडवू देत नाही. वॉकर धरून दाराशी खुर्ची मांडून घेतलीय. सारखं विचारतोय, चारू निघाला का? वहिनी रडत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. मी म्हटलं, आलोच.

पाच. आंघोळ केली. दुसरा शर्ट काढला.

पाच चाळीस. त्याला न्यायचं कुठे? गोडाऊनमध्ये नुसत्या फळ्या उभ्या आहेत. घरीच त्याच्यासमोर बसून त्याच्याकडून वाक्यं म्हणून घेता येतील. मृणालीची मी म्हणेन. साधी कल्पना आहे. हे आधी सुचायला हवं होतं.

सहा. स्कूटरची किल्ली सापडली. टेबलावरच होती.

सहा वीस. निशिगंधा विचारून गेली, जाताय ना? म्हटलं, निघालो.

सहा पन्नास. फोन वाजून बंद झाला.

सात दहा. आता तो जेवायला बसला असेल. जेवताना मध्ये जाणं बरं दिसत नाही. अर्ध्या तासाने निघतो.